काचेच्या हौदाचं काय करायचं

मामंजींनी मुरारच्या छावणीतल्या एका लिलावातून काचेचा हौद घरी आणला, तेव्हा मला त्या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. मी साताऱ्याकडची. लग्न करून एकदम ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या पेठेत, गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत येऊन पडलेली. घरात मराठीच बोलत, पण ती ऐकताना मला मधूनच अडखळायला व्हायचं. आमच्याकडे घागर गळायची, यांच्याकडे ती ‘रिसायची’. आमच्याकडे काम होतं, यांच्याकडे ते ‘होऊन जायचं’. मी गप्प राहून ऐकत असे. नव्या सुनेला गप्प राहणं शोभतं असा सगळ्यांचा समज होता, आणि मला शब्द शोधावे लागतात हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं, त्यामुळे ते सोयीचंही होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, दरबारच्या नकाशांच्या कचेरीत आयुष्य घालवून नुकतेच घरी बसले होते. तिथे त्यांच्या शब्दाला मान होता. दोन गावांच्या शिवेचं भांडण आलं की ते नकाशावर बोट ठेवत आणि शीव तिथे ठरे. घरी आल्यावर बोट ठेवायला काही उरलं नाही. भाजी कोणती करायची ते सासूबाई ठरवत. बाकीचं सगळं आमचे ‘हे’ कचेरीत जाता जाता उरकून टाकत. मामंजी दिवसभर बैठकीत गादीवर बसत, पंखा हलवत आणि कोणी काही विचारतं का याची वाट पाहत.

अशात मुरारचा एक गोरा साहेब लढाईवर निघाला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. मामंजी आरामखुर्ची बघायला म्हणून गेले आणि टांग्यातून उतरले ते मांडीवर हा हौद घेऊन. लोखंडी चौकट, चारही बाजूंना काचा, खाली पाटीच्या दगडाचा तळ. टांगेवाल्याच्या शेजारी एक बरणी होती आणि तिच्यात चारदोन सोनेरी मासे गोंधळून फिरत होते.

“अ‍ॅक्वेरियम,” मामंजी म्हणाले.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “सूनबाई, त्यांना विचार, आपल्या घरात मासे कशाला.”

इथे एक सांगायला हवं. सासूबाई माझ्यादेखत मामंजींशी सरळ बोलत नसत. तशी त्यांच्याकडे रीत होती. जे सांगायचं ते माझ्यामार्फत सांगायचं. मामंजीही तसेच. दोघं एकाच खोलीत हाताच्या अंतरावर बसलेले असायचे आणि मी मध्ये उभी राहून टपाल पोचवायची.

“मामंजी, सासूबाई विचारतात, आपल्या घरात मासे कशाला.”

“तिला सांग, बघायला. खायला नाहीत.”

सासूबाईंनी यावर दिवसभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर त्या बैठकीत आल्या, हौदासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “देवाचा पहिला अवतार मत्स्याचाच. राहू दे.” मग कणकेच्या बारीक गोळ्या करून पाण्यात सोडू लागल्या. माशांनी त्या पटापट गिळल्या. त्या दिवसापासून मासे घरचे झाले.

आमच्या शेजारी एक रिसालदार राहत. दरबारच्या घोडदळातून निवृत्त झालेले मराठा गृहस्थ. उंच, पांढऱ्या मिशांचे, आणि सुरवार इतकी शुभ्र की ती धुणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटे. ते रोज संध्याकाळी मामंजींशी बुद्धिबळ खेळायला येत. मासे पाहून त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “पंत, जरा मोठे होऊ द्या.” मामंजी हसले. सासूबाई आत हसल्या नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस रिसालदार घरी गेले की त्या हौदाशी येऊन मासे सगळे आहेत ना ते बघून जात.

हौद गळतो हे कळलं ते रिसालदारांमुळे. मामंजींनी हौद भिंतीशी एका चौरंगावर ठेवला होता आणि रिसालदारांची बसायची जागा त्याच्या शेजारीच होती. एका संध्याकाळी डाव रंगात आलेला असताना रिसालदार अचानक थबकले. वजिराला लावलेला हात त्यांनी काढून घेतला. थोडा वेळ समोर बघत राहिले. मग उठले, मागे न वळता, भिंतीकडे पाठ ठेवून दारापर्यंत सरकत गेले, “उद्या येतो,” म्हणाले आणि निघून गेले. मामंजींना वाटलं, हरत होते म्हणून गेले. ते खूश होते.

दुसऱ्या दिवशी रिसालदार आले ते उभेच राहिले.

“पंत, तुमची टाकी रिसते आहे.”

“कुठे? मला तर काही दिसत नाही.”

“मलाही दिसलं नाही. घरी गेल्यावर बायकोनं सांगितलं.”

मी आतल्या दाराशी उभी होते. पदर तोंडात कोंबून मी स्वयंपाकघरात पळाले आणि पिंपाच्या मागे बसून हसले. त्या घरात आल्यापासून मी अशी पहिल्यांदाच हसले असेन.

गादी उचलून बघितली तर खालचा कापूस चिंब. हौदाच्या एका कोपऱ्यातून, काच आणि लोखंड जिथे मिळतात तिथून, पाणी अगदी हळूहळू झिरपत होतं. जुनं लुकण वाळून भेगाळलं होतं. लुकण म्हणजे काचा चौकटीत पक्क्या बसवायला लावतात तो लगदा. साहेबाच्या बंगल्यात हौद बहुधा बरेच दिवस कोरडा पडून होता आणि आमच्या हवेत कोरडं पडलेलं काहीच धड राहत नाही.

आता प्रश्न आला: हा हौद नव्यानं लुकण लावून सांधायचा, की टाकून देऊन दुसरा करायचा?

या प्रश्नानं मामंजी उजळून निघाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्यासमोर तंटा आला होता. दुरुस्तीच्या बाजूनं ते स्वतः. टाकून देण्याच्या बाजूनं रिसालदार. ते म्हणत, “घोडा एकदा लंगडला की लंगडला. त्याच्या पायाला पट्ट्या बांधत बसलं की स्वार पण पायी चालतो.”

“पण हा घोडा नाही, रिसालदारसाहेब. याचे सांधे उघडून परत बसवता येतात.”

“एक सांधलात की दुसरा रिसेल. सगळे एकाच वयाचे आहेत.”

हे मात्र खरं होतं आणि मामंजींना ते पटलेलं दिसत होतं. म्हणून ते जास्तच जोरात बोलले.

तंटा चालू असेपर्यंत माशांची सोय हवी होती. रिसालदारांनी आपल्या घोडीची एक जास्तीची मातीची नांद धुऊन पाठवली. सासूबाईंना रिसालदारांच्या नांदीत मासे ठेवणं जड गेलं, पण दुसरं भांडं नव्हतं. नांद अंगणात लिंबाच्या सावलीत ठेवली आणि तिच्यावर सासूबाईंनी पुरणाची चाळणी पालथी घातली. मांजरांसाठी, असं त्या म्हणाल्या.

मग सुरू झाले प्रयोग. पहिल्यांदा मामंजींनी कोपऱ्यात मेण ओतलं. ते सकाळी बसलं आणि दुपारी गरम वाऱ्याची लू सुटल्यावर वितळून चौरंगावर आलं. मग सासूबाईंनी निरोप दिला, “त्यांना सांग, उडदाच्या पिठासारखं चिकट काही नाही. जुन्या भिंती त्यानंच उभ्या आहेत.” पापडाचं पीठ मळावं तसं त्यांनी उडदाचं पीठ चुन्याबरोबर कुटून कुटून मळलं. मी कुटत होते, त्या तेलाचा हात लावत होत्या. ते आतून बाहेरून भरलं, आणि काय सांगू, हौद थेंबभर गळेना. सासूबाईंनी त्या दिवशी मामंजींना दोनदा वरण वाढलं. मासे परत हौदात गेले.

पण मासे काही त्या उडदाला लुकण समजत नव्हते. त्यांना रोज कणकेच्या गोळ्या खायची सवय. त्यांनी तो कोपरा टोचून टोचून खायला घेतला. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. शेवटी पाण्याची धार लागली आणि मासे पुन्हा नांदीत गेले, आधीपेक्षा जाड होऊन.

“पंत,” रिसालदार म्हणाले, “आता तरी माना.”

मामंजी मानेनात. एवढ्यात लढाईमुळे काच मिळेनाशी झाली होती. मुंबईहून नवा हौद मागवायचा तर तो कधी येईल आणि अख्खा येईल का, कोणी सांगू शकत नव्हतं. आमचे ‘हे’ दरबारच्या छोट्या रेल्वेत कामाला होते. ते जेवताना म्हणाले, “नवीन तर विसरूनच जा. हाच ठीक होऊन जाईल.” पण कसा ते सांगायच्या आत त्यांची वेळ झाली आणि ते गेले.

काही दिवस रिसालदार खेळायला आले नाहीत. मामंजी पट मांडून बसत आणि उचलून ठेवत. मग एके दिवशी दुपारी दारात हातगाडी थांबली. गाडीवर एक भलीमोठी पत्र्याची पेटी, हिरवी रंगवलेली, चारही बाजूंना गुलाबाची फुलं काढलेली. समोरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी एक काचेची खिडकी. मागोमाग रिसालदार.

“किला गेटाजवळ ट्रंका करणारा आहे,” ते म्हणाले, “त्याच्याकडून बनवून घेतली. डांबर घातलंय आतून सांध्यांना. थेंब बाहेर येणार नाही. तुमच्यासाठी.”

मामंजींचा चेहरा मी बघितला. मित्रानं एवढ्या उन्हात, एवढ्या प्रेमानं आणलेली वस्तू. त्यांनी पेटीला सगळीकडून हात लावला आणि म्हणाले, “वा. गुलाब छान आहेत.”

पेटी भरली. खरोखरच थेंब बाहेर आला नाही. मासे सोडले. ते सोडले आणि दिसेनासे झाले. आम्ही आळीपाळीनं त्या खिडकीला डोळा लावून बसलो. आत काळोख. कधीतरी एक शेपूट खिडकीवरून जाई आणि जो बघत असेल तो म्हणे, “गेला.” मग बराच वेळ काही नाही. मामंजी मान वाकडी करून बसू लागले. बुद्धिबळाच्या मध्येच उठून खिडकीत बघत, परत येत.

“दिसला?” रिसालदार विचारत.

“दिसल्यासारखा वाटला.”

असे काही दिवस गेले. मामंजी रिसालदारांना काही बोलू शकत नव्हते, आणि जुना हौद सांधायला काढला असता तर भेटीचा अपमान झाला असता. ते गप्प गप्प झाले. जेवताना पान अर्धं टाकू लागले. निवृत्त होऊन आल्यावर होते तसे परत दिसायला लागले. त्यातच पाण्याला पत्र्याचा तांबूस रंग यायला लागला. सासूबाई कणकेच्या गोळ्या वरून टाकत तेव्हा खालून कोण खातंय तेच कळत नसे. त्या मला म्हणाल्या, “सुखरूप आहेत असं धरून चालायचं, दुसरं काय.”

त्या संध्याकाळी नवल घडलं. मामंजी आणि रिसालदार खेळत होते. सासूबाई आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी सवयीनं पुढे झाले. त्यांनी मला हातानं बाजूला केलं, पदर सारखा केला आणि सरळ रिसालदारांना म्हणाल्या,

“भाऊजी, तुमच्याकडे एक मागणं आहे.”

रिसालदार ताडकन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्या बाईंचा आवाज त्यांनी भिंतीपलीकडूनच ऐकला होता.

“मागा वहिनीसाहेब.”

“ही पेटी मला द्या. माझे पापड-कुरडया दर वर्षी मुंग्या नेतात. एवढी घट्ट पेटी मला शोधून मिळाली नसती. यांच्या माशांच्या नादात ती वाया चालली आहे. पाणी घालून गंजवून टाकतील हे.”

रिसालदारांनी मामंजींकडे बघितलं. मामंजी पटाकडे बघत होते.

“पण पंतांचे मासे?”

सासूबाई आता मामंजींकडे वळल्या. माझ्यादेखत, सरळ. “तुम्ही आपला तो जुना दुरुस्त करा. मला पेटी हवी आहे.”

“बरं,” मामंजी म्हणाले.

रिसालदार खूश झाले. भेट देताना त्यांना वाटलं नव्हतं की एवढी मोलाची ठरेल. ते म्हणाले, “वहिनीसाहेब, आतलं डांबर खरवडून देतो. आणि खिडकी आहे, पापड किती उरले ते झाकण न उघडता दिसेल.”

त्या रात्री मामंजी पोटभर जेवले.

मग दुरुस्ती रीतसर सुरू झाली. ‘ह्यां’ना अर्धवट सोडलेलं वाक्य मी आठवणीनं पुरं करायला लावलं. रेल्वेच्या कारखान्यात नळांच्या सांध्यांना सफेदा, म्हणजे शिशाची पांढरी भुकटी, आणि शेंदूर अळशीच्या तेलात मळून लावतात, ते म्हणाले, आणि डबाभर घेऊनही आले. मामंजींनी ठरवलं की एक कोपरा नाही, सगळे सांधे उघडायचे. रिसालदार म्हणाले, हीच गोष्ट मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, आणि अस्तन्या वर करून स्वतः खरवडायला बसले. अंगणात चटई टाकून दोघं जुनं लुकण काढत होते. मी आणि सासूबाई शेंदराचा गोळा मळत होतो. आमचे हात कोपरापर्यंत केशरी झाले होते. सासूबाई म्हणाल्या, “कोणी बघितलं तर म्हणेल, मारुतीची मूर्ती घडवतायत.” विशेष म्हणजे हे त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

समोरच्या मोठ्या काचेचं लुकण फार कडक होतं. रिसालदारांनी जरा जोर लावला. बारीक आवाज झाला, आणि काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली.

लिंबावर कावळा बसला होता तो उडून गेला. रिसालदारांनी हातातली पटाशी खाली ठेवली, मामंजींकडे न बघता उठले आणि घरी गेले.

“त्यांना सांग…” मामंजी माझ्याकडे वळून म्हणाले आणि थांबले, कारण कोणाला काय सांगायचं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

काच कुठे मिळते का ते ‘ह्यां’नी सगळ्या लष्करात विचारून पाहिलं. लहान तुकडे होते, एवढी मोठी कोणाकडेच नव्हती. सासूबाईंनी मासे परत नांदीत नेऊन ठेवले होते आणि नांदीशेजारी बसून त्या तांदूळ निवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रिसालदार आले. काखेत जुन्या साडीत गुंडाळलेली काच. त्यांच्या रिसाल्याचा एक मोठा फोटो त्यांच्या बैठकीत लावलेला होता, घोड्यांसकट सगळे स्वार. मी तो पाहिला नव्हता, पण मामंजी त्याबद्दल सांगत. त्याची काच त्यांनी काढून आणली होती.

“रिसालदारसाहेब, हे नको,” मामंजी म्हणाले. “फोटो खराब होईल.”

“त्यातले निम्मे आता नाहीत, पंत. धूळ बसली तर त्यांना काय कळणार आहे? मासे मात्र जिवंत आहेत.”

मामंजींनी काच घेतली. ती जरा पातळ होती, म्हणून हौद गळ्यापर्यंत भरायचा नाही असं ठरलं. मापात थोडी कापावी लागली. यावेळी काम फार हळू चाललं. दोघंही एकमेकांना, “सांभाळून,” म्हणत राहिले. शेंदराचं लुकण भरलं, वरून दाबून सारखं केलं, आणि सावलीत वाळायला ठेवलं. पुढे कितीतरी दिवस हौद कोणी हलवला नाही. मग पाणी भरून टाकून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा टाकलं, कारण शेंदराचा अंश पोटात गेला तर मासे मरतील अशी ‘ह्यां’ना धास्ती होती.

शेवटी मासे सोडले. खालून, बाजूंनी, कोपऱ्यातून मामंजींनी बोट फिरवून बघितलं. कोरडं. रिसालदारांनी हात फिरवला. कोरडं. मग दोघांत जुंपली. रिसालदार म्हणाले, समोरची काच नवी, लुकण सगळं नवं, तेव्हा हा नवाच हौद झाला. मामंजी म्हणाले, चौकट तीच, तळ तोच, तेव्हा हौद जुनाच आणि दुरुस्तीच जिंकली. हा वाद पुढे मामंजी असेपर्यंत चालला. मला वाटतं दोघांनाही तो मिटू द्यायचा नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्यानंतरचा एक दिवस. दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. मी उघडलं तर एक ठेंगणीशी, गोरी बाई, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. रिसालदारांच्या पत्नी. त्यांच्याकडे पडदा असे. एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून राहून त्या आणि सासूबाई एकमेकींकडे कधी गेल्या नव्हत्या.

“मासे बघायला आले,” त्या म्हणाल्या.

बैठकीत कोणी पुरुष नव्हतं. सासूबाईंनी त्यांना हौदासमोर पाट दिला. त्यांनी पदर मागे सारला आणि बराच वेळ बघत बसल्या. काचेपलीकडे मासे सावकाश फिरत होते. ऊन पाण्यातून भिंतीवर पडलं होतं आणि हलत होतं.

“एवढ्यासाठी आमच्या भिंतीवरची काच गेली होय,” त्या म्हणाल्या.

सासूबाई ओशाळल्या. “अहो, आम्ही नको म्हणत होतो.”

“नको कशाला? बरंच झालं. लग्न झाल्यापासून तो फोटो पुसतेय. त्यात हे कुठे आहेत ते मला अजून सापडलेले नाहीत. सगळ्यांच्या मिशा सारख्या.”

सासूबाई हसायला लागल्या. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मग त्यांनी पाहुणीला पन्हं दिलं, हळदीकुंकू लावलं आणि दोघी सुरवार धुण्यापासून घोडीच्या दाण्यापर्यंत कितीतरी विषयांवर बोलत बसल्या. मला कोणी मध्ये उभं केलं नाही. मीही पाट ओढून त्यांच्यात बसले, आणि मधेच हौद ‘रिसल्याची’ गोष्ट निघाली तेव्हा, माझ्याही नकळत, म्हणाले, “आमच्या माहेरी गळतं म्हणतात.” दोघी माझ्याकडे वळल्या.

“ही बोलते,” रिसालदारांच्या पत्नी म्हणाल्या.

“बोलते तर,” सासूबाई म्हणाल्या, “पण आमच्याच निरोपांतून तिला सवड मिळत नव्हती.”

हौद पुढे बरीच वर्षं टिकला. मासे बदलले, काही मेले, काही मामंजींनी कुठून कुठून मिळवले. रिसालदारांच्या पत्नी दर आठवड्याला येऊ लागल्या, आणि पहिली मुलगी झाली तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच होत्या, कारण माझी आई साताऱ्याहून वेळेवर पोचू शकली नव्हती.